सोसायटीतल्या भाडेकरू पोराला टीबी निघाला, त्याला किती अडवायचा हक्क आपल्याला आहे?

मानेवाडा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. थोडं लांब होईल पण वाचून घ्या, रविवारी मीटिंग आहे आणि माझं डोकं चालून नाही राहिलं.

आमची सोसायटी मानेवाडा रिंग रोडला, २४ फ्लॅट, यावर्षी सेक्रेटरी मी. तिसऱ्या मजल्यावर दोन पोरं भाड्याने राहतात, दोघंही मिहानमध्ये कामाला, एक गोंदियाकडचा आणि एक यवतमाळचा. गोंदियावाल्याला महिनाभर खोकला होता, वजन उतरलं होतं, तपासलं तर फुफ्फुसाचा टीबी निघाला. औषध सुरू होऊन आज पाच दिवस झाले. त्याने लपवलं नाही बरं का, समोरच्या काकूंना स्वतःहून जाऊन सांगितलं की काकू, काही दिवस नातवाला माझ्याकडे कॅरम खेळायला पाठवू नका. काकू घाबरल्या आणि त्यांनी ते ग्रुपवर टाकलं, रिपोर्टच्या फोटोसकट. तेव्हापासून माझा फोन थांबला नाही. कोणी म्हणते आठ दिवसात फ्लॅट खाली करायला लावा, कोणी म्हणते लिफ्ट वापरू देऊ नका, एकाने तर लिहिलं की गेटवरच थांबवा आणि घरमालकाला फोन करा. आणि हे सगळे वाईट लोक नाहीत हो. एका घरात चार महिन्यांचं बाळ आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. त्यांची भीती खोटी आहे असं मी त्यांच्या तोंडावर कसं म्हणू?

मला हे इतकं लागायचं कारण वेगळं आहे. २०२१ च्या मार्चमध्ये १५ ते २१ तारखेपर्यंत नागपुरात कडक लॉकडाऊन होता, तेव्हाही मी कमिटीत होतो, आणि गेटला कुलूप लावायचा ठराव मीच मांडला होता. पेपरवाला बंद, दूधवाला गेटवर, कामवाल्या बाया पूर्ण बंद. लॉकडाऊन उठल्यावरही आमचं कुलूप तसंच राहिलं, आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या मावशींना आम्ही दोन महिने आत येऊ दिलं नाही आणि त्या दोन महिन्यांचा पगारही कोणी दिला नाही, मीही नाही. तेव्हा मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही, जीव वाचवायचा आहे ना मग बस. पुढे एप्रिलमध्ये माझा मोठा भाऊ गेला. अकरा दिवस दवाखान्यात होता, आम्हाला एकदाही भेटू दिलं नाही, शेवटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पाहिला, घाटावर आम्ही चौघंच. वहिनी आजही म्हणते की मला एकदा हात लावू दिला असता तर काय झालं असतं. म्हणजे मी अडवणारा पण होतो आणि अडवला गेलेला पण, आणि दोन्ही वेळी कारण एकच सांगितलं गेलं, लोकांचा जीव.

तर माझा प्रश्न असा की बाकीच्यांचा जीव वाचवायचा म्हणून एखाद्याचं फिरणं, राहणं, कमावणं अडवायचं हे कधी बरोबर असते आणि कधी चूक? कायदा काय म्हणते ते सांगा, पण नुसता कायदा नको. मला रविवारी चोवीस घरांपुढे उभं राहून बोलायचं आहे.

---

धरमपेठ_वाचक

सेक्रेटरी साहेब, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं.

तुमचा प्रश्न जुना आहे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९ मध्ये एक सरळ रेघ आखून दिली होती, की माणसाला त्याच्या मनाविरुद्ध अडवायचं असेल तर त्याला एकच कारण चालते, दुसऱ्याला होणारी इजा टाळणे. त्याचं स्वतःचं भलं व्हावं म्हणून समजावा, विनवण्या करा, पण जबरदस्ती नाही. म्हणजे एखादा मधुमेही माणूस रोज संत्रा बर्फी खात असेल तर तो त्याचा प्रश्न, पण संसर्ग असलेला माणूस बंद खोलीत दहा जणांमध्ये खोकत बसत असेल तर तो फक्त त्याचा प्रश्न राहत नाही. इथपर्यंत बहुतेकांना पटते.

अडचण त्याच्या पुढे आहे आणि तिथे मिल मला कमी पडतो. चोराला अडवतो तेव्हा त्याने काहीतरी केलेलं असते, रोग्याने काहीच केलेलं नसते. त्याला अडवायचं ते त्याच्या गुन्ह्यासाठी नाही, आपल्या सुरक्षिततेसाठी. मग त्याची किंमत त्याने एकट्याने का मोजायची?

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट बघा, टायफॉइड मेरी म्हणून जिला बदनाम केलं ती. घरोघरी स्वयंपाक करायची, तिला स्वतःला काही त्रास नव्हता पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते आणि ती जिथे रांधायची तिथे लोक आजारी पडायचे. १९०७ मध्ये तिला धरून एका बेटावर ठेवलं. १९१० मध्ये सोडलं ते पुन्हा स्वयंपाकाचं काम करायचं नाही या अटीवर, आणि त्याबदल्यात दिलं काय तर कपडे धुवायचं काम, ज्यात स्वयंपाकापेक्षा कितीतरी कमी पैसे. काही काळाने ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात शिरली, १९१५ मध्ये बाळंतिणींच्या दवाखान्यात टायफॉइड पसरला तेव्हा सापडली, मग १९३८ मध्ये मरेपर्यंत त्याच बेटावर. दोन्ही वेळचे मिळून पंचवीस वर्षांच्या वर होतात. लोक ही गोष्ट तिच्या हट्टाची म्हणून सांगतात. हट्ट होताच, तिच्यामुळे माणसं मेली हेही खरं. पण तिची भाकरी काढून घेतल्यावर तेवढीच दुसरी भाकरी तिला कोणी दिली असती तर ती पुन्हा चुलीपुढे उभी राहिली असती का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटते.

तुमच्या पोराचंही तेच. त्याला "बाहेर पड" म्हणणं सोपं आहे. तो जाईल कुठे?

---

हायकोर्टातली_वकील

दादा, कायद्याचं मी थोडक्यात सांगते.

आधी सोसायटीचं. तुम्ही सरकार नाही. आजारी आहे म्हणून कोणाला घराबाहेर काढायचा, लिफ्ट बंद करायचा किंवा गेटवर अडवायचा अधिकार कमिटीला नाही, ठराव एकमताने झाला तरी नाही. टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे, ते त्याच्या खासगीपणावरचं बंधनच आहे पण त्याला कारण आहे, औषध पोचावं, घरच्यांची तपासणी व्हावी. बिल्डिंगच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकण्याला असं कोणतं कारण आहे? तो फोटो आजच काढायला लावा.

आता सरकारचं. फिरण्याचं स्वातंत्र्य कलम १९ मध्ये आहे आणि त्याच कलमात सार्वजनिक हितासाठी वाजवी बंधनं घालायची मुभाही आहे. वाजवी म्हणजे काय ते सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या खासगीपणाच्या निकालानंतर आपण चार पायऱ्यांनी तपासतो. बंधनाला कायद्याचा आधार आहे का, हेतू खरा आहे का, तेच काम होईल असा कमी जाचाचा दुसरा उपाय आहे का, आणि जे मिळवतो त्याच्या मानाने जे हिरावतो ते फार तर नाही ना. २ मे २०२२ ला कोविडच्या लसीच्या खटल्यातही कोर्टाने हाच तराजू धरला. कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, शरीर त्याचं आहे असं म्हटलं, पण साथीच्या काळात लस न घेतलेल्यांवर सरकार काही मर्यादा घालू शकते हेही मान्य केलं, फक्त त्या मर्यादा त्या वेळच्या धोक्याच्या प्रमाणात पाहिजेत. आणि त्या वेळची परिस्थिती बघता तशा मर्यादा प्रमाणात नाहीत असं सांगितलं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं "त्या वेळच्या" हे वाटते. मार्चमध्ये बरोबर असलेलं बंधन सप्टेंबरमध्ये चूक असू शकते. बंधन घालणाऱ्याने ते परत परत तपासायला पाहिजे आणि उठवायची तारीख आधीच सांगायला पाहिजे. तुमच्या गेटचं कुलूप लॉकडाऊन उठल्यावरही राहिलं म्हणता, ते नंतर कोणी तपासलं होतं का?

---

सतरंजीपुरा_फळवाला

भाऊ मी सतरंजीपुऱ्याचा, हातगाडीवर फयं इकतो, पोराकडून टाइप करून घेऊन रायलो.

२०२० च्या एप्रिलमध्ये आमचा भाग सील झाला होता सगळ्या नागपूरले मालूम आहे. टीनं ठोकले, गल्लीच्या तोंडाले पोलीस. मंग एक दिवस गाडी आली न आमच्या गल्लीतले लोकं नेले, आमच्या घरचे पाच जन. मी तुमाले सांगतो मले नेल्याचा राग नाही. बिमारी पसरून रायली होती, बाजूच्या घरचा मानूस मेला होता, आमच्या घरात दोन खोल्या न पाच मानसं, दूर दूर रायचं कसं? नेलं ते बरंच केलं असं मी आजबी म्हनतो.

पन सांगतलं नाही ना भाऊ कोनी. किती दिवस हे नाही सांगतलं, टेस्ट झाली त तिचं काय निघालं हे नाही सांगतलं. आमच्या बुढ्याच्या बीपीच्या गोया घरीच रायल्या, त्या भेटाले तीन दिवस लागले. गाडीवर तीन पेट्या संत्रा न दोन पेट्या अंगूर होते, समदं सडलं. धंदा नाही त पैसा नाही, चौदा दिवस म्हनता म्हनता वीस दिवस झाले. वापस आलो त मंग वेगयीच बिमारी. गाडी घेऊन दुसऱ्या मोहल्ल्यात गेलो का बाया इचारे कुठचा आहे रे भाऊ, सतरंजीपुरा म्हटलं का खिडकी बंद. एक जन म्हने तुमच्याच लोकाईनं आनलं हे. आता मी कुठून आनन? मी त कामठीच्या पुढं कधी गेलो नाही.

त्या पोराले माया सांगावा सांगा का औषध सोडू नको. आन सेक्रेटरी भाऊ, एक इचारतो, राग नोका मानू. त्या भांडेवाल्या मावशीले दोन महिन्याचा पगार मंग तरी देल्ला का?

---

मानेवाडा_सेक्रेटरी

नाही दिला भाऊ. त्यांनी मागितला नाही आणि आम्ही दिला नाही.

---

बेसा_रोड

मी उलट बाजूने बोलणार आहे, इथे सगळे एकाच सुरात बोलून राहिले म्हणून.

फेब्रुवारी २०२१. आकडे वाढून राहिले होते, लग्नाला पन्नास माणसांचा नियम होता, सगळ्यांना माहीत होता. माझ्या मामेभावाचं लग्न कामठी रोडच्या एका लॉनवर होतं. मी ऐंशी वर्षांच्या वडिलांना घेऊन गेलो. घरात बायको नको म्हणत होती, मी म्हटलं एवढं काय घाबरायचं, बाबांना सगळे नातेवाईक भेटतील, वर्ष झालं माणूस घरात कोंडून आहे, त्यांचंही काही स्वातंत्र्य आहे की नाही. हाच शब्द वापरला होता मी. बाबा पण खूश होते, नवीन धोतर नेसले. तिथे तीनशे माणसं होती. पंगतीत मांडीला मांडी. दहाव्या दिवशी बाबांना ताप, मग मला, मग बायकोला. आम्ही दोघं राहिलो, बाबा गेले. मुलीकडच्या दोन म्हाताऱ्या गेल्या, वाढणाऱ्यांपैकी एक पोरगा गेला असं नंतर कळलं, त्याचं तर आम्हाला नाव पण माहीत नव्हतं.

त्या दिवशी लॉनच्या गेटवर पोलिसाने मला अडवलं असतं, दंड केला असता, काठी जरी दाखवली असती तरी मी तिथे भांडलो असतो, व्हिडिओ काढला असता, ही हुकूमशाही आहे म्हणून ग्रुपवर टाकला असता. आणि बाबा आज असते. म्हणून कोणी मला म्हणते की लोकांना समजावून सांगा, लोक ऐकतात, तर मी सांगतो की नाही ऐकत. मी शिकलेला माणूस आहे, मला सगळं समजत होतं आणि तरी मी ऐकलं नाही. माझं स्वातंत्र्य मी माझ्यापुरतं नाही वापरलं, त्या वाढणाऱ्या पोराच्या जिवावर वापरलं.

तुमच्या बिल्डिंगमधल्या चार महिन्यांच्या बाळाला विचारलं आहे का कोणी, की तुला किती धोका चालेल? ते बोलू शकत नाही म्हणून त्याच्या बाजूने कोणीतरी कडक व्हायला पाहिजे. त्या पोराला बाहेर काढा असं माझं म्हणणं नाही. पण "वाजवी" "प्रमाणात" करत करत कोणी काहीच करत नाही आणि मग माणूस जातो, हे मी पाहिलं आहे.

---

धरमपेठ_वाचक

बेसा रोड दादा, तुमच्या लिहिण्यावर उत्तर द्यायची माझी हिंमत होत नाही, पण एक म्हणू का. तुम्ही जे सांगितलं ते मिलच्या विरोधात नाहीच. तीनशे माणसांची पंगत ही दुसऱ्याला इजाच, ती बंद पाडायलाच पाहिजे होती. नियम होता आणि पाळला गेला नाही, पाळून घेतला गेला नाही. तुमचा राग नियम नसल्याचा नाही, अर्धवट नियमाचा आहे. सतरंजीपुऱ्याला टीनं ठोकून नियम आणि लॉनवाल्याला कानाडोळा. हे माझ्या मते बंधन घालण्यापेक्षाही वाईट.

---

बेसा_रोड

हो. हे खरं आहे. फळवाल्या भाऊंचं वाचताना माझ्याही मनात तेच आलं होतं, त्यांना वीस दिवस आणि आम्हाला आइस्क्रीमचा काउंटर.

---

रात्रपाळी_सिस्टर

मी नर्स आहे, अठरा वर्षं झाली. आधी टीबीचं, कारण त्या पोराचा निकाल रविवारी लागणार आहे आणि इथे कोणी आजाराबद्दल बोललंच नाही.

साधा, म्हणजे औषधांना दाद देणारा टीबी असेल तर नीट औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यात बहुतेक रुग्णांपासून पसरण्याचा धोका खूप उतरतो. ते दोन आठवडे काळजीचे, सहा महिने नाही. आणि टीबी पसरतो तो हवेतून, बंद खोलीत, तासन् तास सोबत राहिल्याने. लिफ्टच्या बटणाने, जिन्याच्या कठड्याने, भांड्याने पसरत नाही. लिफ्टमध्ये तो मास्क लावून एकटा गेला तर पुरे. खरा धोका कोणाला आहे माहीत आहे का, त्याच्या रूममेटला, जो रात्री त्याच खोलीत कूलर लावून खिडक्या बंद करून झोपतो. त्याच्याबद्दल तुमच्या ग्रुपवर एक शब्द नाही. त्याची तपासणी झाली पाहिजे, काकूंच्या नातवाची पण, तो कॅरम खेळायला जात होता. बाळाला बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिली आहे का विचारा आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा. डायलिसिसवाल्या काकांची भीती बरोबर आहे, त्यांची प्रतिकारशक्ती कमी असते, त्यांना खोकला ताप आला तर थांबायचं नाही.

आता काढून टाकण्याबद्दल. औषध सहा महिन्यांचं असते. त्याला आठ दिवसात घर सोडायला लावलं तर तो गावी जाईल किंवा कोणाच्या तरी खोलीत न सांगता राहील, मधे दहा-पंधरा दिवस गोळ्या चुकतील, आणि गोळ्या चुकल्या की जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. तसा टीबी मग तो जिथे राहील तिथल्या लोकांना. जगातले साधारण पाव टीबीचे रुग्ण आपल्या देशात आहेत आणि मी वॉर्डात पाहिलेले कितीतरी उशिरा आलेले होते, कारण घरमालकाला कळेल, सासरी कळेल. या पोराने स्वतःहून सांगितलं. तुम्ही त्याला त्याची शिक्षा दिली तर तुमच्याच बिल्डिंगमधला पुढचा माणूस तोंड उघडणार नाही. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी अडवायचं तीच जाणार.

दुसरं. सेक्रेटरी दादा, तुमच्या भावाच्या वेळी तुम्हाला अडवणारी माझ्यासारखीच कोणीतरी होती. मी दारात उभी राहून किती लोकांना परत पाठवलं त्याचा हिशोब नाही. सुरुवातीला ते बरोबर होतं, किट पुरत नव्हते, आम्हीच आजारी पडत होतो, माझ्या सोबतची मुलगी गेली. पण एप्रिलच्या शेवटी शेवटी किट होते. एका माणसाला, एकालाच, किट घालून पाच मिनिटं शेवटचं भेटू देता आलं असतं असं मला तेव्हाही वाटत होतं. नियम कोणी तपासला नाही म्हणून तो तसाच चालू राहिला. मी फोन धरायची, व्हिडिओ कॉलवर, पलीकडे सगळं घर रडत असायचं आणि इकडे माणसाला ऐकू येत होतं की नाही देवाला ठाऊक. तुमच्या वहिनींना सांगा की हात लावू द्यायला पाहिजे होता. मी त्या दवाखान्यातली नव्हते पण मी सांगते.

---

इंदोरा_चौक

सिस्टर, तुमचं वाचून उठून पाणी पिऊन आलो.

मला एवढंच म्हणायचं आहे की बेसा रोड दादा म्हणतात लोक ऐकत नाहीत ते पूर्ण खरं नाही. २०२० मध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा दीक्षाभूमीवरचा कार्यक्रम झाला नाही. दरवर्षी लाखो लोक येतात, कुठून कुठून, डोक्यावर बोचकं आणि कडेवर लेकरू घेऊन. माझी आई १९७४ पासून एकही वर्ष चुकली नव्हती. त्या वर्षी आम्ही घरीच वंदना घेतली, आईने खिडकीत मेणबत्त्या लावल्या. रडली ती, पण गेली नाही. तिला कोणी काठी दाखवली नव्हती. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास नको एवढंच म्हणाली. बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ ला सांगितलं होतं की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता या रंगाच्या नुसत्या वरवरच्या थरासारख्या राहतील. शाळेत हे पाठ केलं होतं, अर्थ त्या दिवशी कळला.

आणि जबरदस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी १८९७ चं पुणे आठवावं. प्लेग आला, इंग्रजांनी त्याच वर्षी साथरोगाचा कायदा केला, तोच कायदा आपण २०२० मध्ये वापरला. पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्या हाताखालचे सोजीर घरात घुसून तपासणी करत, सामान बाहेर फेकत, बायकांना रस्त्यावर उभं करत. रोग खरा होता, अलगीकरण हा उपायही चुकीचा नव्हता, पण वागणूक अशी की लोक रोगी लपवायला लागले. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात गेल्या. रोग्याला वस्तीपासून दूर त्यांनीही नेलं. १० मार्चला त्या प्लेगनेच वारल्या.

आमची आजी सांगायची की प्लेगमध्ये अख्खं गाव उठून वावरात झोपड्या बांधून राहायचं. पाटलाची झोपडी तिथेच, आमची वाडीच्या टोकाला, वेगळी होतीच, ते काही सुटलं नाही. पण घर सोडायचं तर सगळ्यांनी सोडायचं असा नियम होता.

---

हायकोर्टातली_वकील

इंदोरा चौक, पुण्याचं बरोबर आहे. एक भर घालते, त्या १८९७ च्या कायद्यात सरकारला काय काय करता येईल हे आहे, नियम मोडला तर शिक्षा आहे, पण ज्याला डांबून ठेवलं त्याला जेवण, मजुरी, औषध, माहिती यातलं सरकार काय देणं लागते याबद्दल एक ओळ नाही. २०२० मध्ये अध्यादेश आणून डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आणली, ती पाहिजेच होती. फळवाल्या भाऊंच्या सडलेल्या पेट्यांसाठी मात्र तेव्हाही काही आलं नाही.

---

मानेवाडा_सेक्रेटरी

रविवार रात्र. मीटिंग झाली, तीन तास. तुम्हा सगळ्यांना सांगणं लागतो म्हणून बसलो लिहायला.

सुरुवात मी माझ्या भावापासून केली, मग मावशींचं सांगितलं, की २०२१ मध्ये मांडलेल्या ठरावात मी सगळ्यांना सुरक्षित केलं आणि बिल एका बाईच्या नावावर फाडलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग काकूंनी त्या पोराची माफी मागितली, सगळ्यांसमोर. त्याला बोलावलं होतं, तो मास्क लावून गच्चीवर लांब उभा होता, मीटिंग मुद्दाम गच्चीवर ठेवली होती, सिस्टरांचं हवेचं वाचून.

काढायचा विषय मतालाच टाकला नाही, वकील ताईंचं वाचून दाखवलं आणि सांगितलं की तो अधिकारच आपल्याला नाही. ठरलं ते असं की दोन आठवडे तो ऑफिसला जाणार नाही, तसं त्याच्या डॉक्टरांनीही लिहून दिलं आहे, आणि त्या दोन आठवड्यांचा दोन्ही वेळचा डबा बिल्डिंगमधून जाईल, बारा घरांनी नावं दिली. रूममेटची तपासणी झाली, रिपोर्ट यायचा आहे, तोवर तो पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये खिडक्या उघड्या ठेवून राहील, घरमालकाने भाडं नको म्हटलं. नातवाची तपासणी उद्या. सगळं दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं, तारीख बोर्डावर लिहिली. त्याचं नाव लिहिलं नाही.

लिफ्टचं त्याने स्वतःच सुचवलं. म्हणाला काकांचे डायलिसिसचे दिवस मंगळवार-शुक्रवार आहेत, त्या दिवशी सकाळी आणि ते परत यायच्या वेळी मी जिनाच वापरतो. एवढं होऊनही काकांनी सही केली नाही. ते म्हणाले तुम्ही सगळे चांगले आहात, पण मला काही झालं तर तुम्ही फक्त वाईट वाटून घेणार. मला यावर काही उत्तर सुचलं नाही. त्यांचा विरोध मिनिट बुकात त्यांच्या शब्दात लिहून घेतला.

फळवाले भाऊ, शुक्रवारी मावशींकडे जाऊन आलो, हुडकेश्वरला राहतात. दोन महिन्यांचे पैसे सगळ्या घरांकडून गोळा करून नेले. त्या म्हणाल्या तेव्हा पोरीची फी भरायची होती, ती राहिली, मग पोरीने शाळा सोडली, आता तिचं लग्न झालं. पैसे ठेवून घेतले त्यांनी. चहा दिला.

---

सतरंजीपुरा_फळवाला

बरं केलं. त्या पोरासाठी संत्रा पाठवतो, पत्ता मेसेज करा.

---

रात्रपाळी_सिस्टर

काकांना सांगा त्यांच्या डायलिसिसच्या ठिकाणी ही गोष्ट कळवून ठेवायला, ते लक्ष ठेवतील. आणि त्या पोराची थुंकी दोन महिन्यांनी पुन्हा तपासतात, ती तारीख पण बोर्डावर लिहून ठेवा, बरं वाटायला लागलं की पोरं गोळ्या सोडतात. सरकारकडून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खुराकासाठी मिळतात, आधी ५०० होते, बँक खातं जोडलं आहे का विचारा.

---

बेसा_रोड

डब्याचं आमच्याकडून पण एक दिवस घ्या. बेसा काही लांब नाही, गुरुवार मोकळा असेल तर गुरुवार.